लेखी मागा, वहिनी

मधुभाऊ घरभाडं द्यायला कधी घरातून आले नाहीत. ते रस्त्यावरून यायचे.

खरं तर त्यांच्या आणि कमलकाकूंच्या घरात एका भिंतीचं अंतर, आणि त्या भिंतीतही एक दार. काकूंनी भजी तळली की ताटली त्या दारातून पलीकडे जायची. मधुभाऊंचा पेपर वाचून झाला की तो त्याच दारातून अलीकडे यायचा. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला मधुभाऊ ते दार लावून घ्यायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे, आपल्या दोन खोल्यांना कुलूप ठोकायचे, पायरी उतरून रस्त्यावर यायचे आणि काकूंच्या पुढच्या दाराची कडी वाजवायचे.

"कोन हाये?"

"भाडेकरू."

"भाऊजी, दर महिन्याले हे काय सोंग आनता तुमी? मधातून आले असते त पाय मोडले असते काय?"

"मधातून शेजारी येते, वहिनी. भाडेकरू रस्त्यानं येते."

मग ते पैसे पुढे करायचे. काकू न मोजता पदराला बांधायला लागल्या की ते चिडायचे, मग काकू मोजायच्या. मग पावती. काकूंना आधी सहीसुद्धा नीट येत नव्हती. त्यांचे यजमान रामभाऊ गेले तेव्हा मधुभाऊंनीच त्यांना 'भाडे मिळाले' हे दोन शब्द पाटीवर गिरवायला लावले होते. पावती पुरी व्हायच्या आत काकू चहा टाकायला उठल्या तर हात आडवा यायचा. "आधी पावती, मंग चहा." पावतीची घडी सदऱ्याच्या खिशात गेली की मधुभाऊ भिंतीला टेकून खाली बसायचे. तिथे भाडेकरू संपायचा आणि भाऊजी सुरू व्हायचे. बशीत ओतलेला चहा फुंकत ते बाजारातल्या गवारीच्या भावापासून दिल्लीच्या सरकारापर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचे.

खामगावात मधुभाऊंना ओळखत नाही असा भाडेकरू नव्हता, आणि त्यांना शिव्या देत नाही असा घरमालक नव्हता. कमलकाकू तेवढ्या अपवाद.

कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करत असताना त्यांनी भाडेकरूंचा संघ काढला. जिनिंग बंद पडली, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. संघ राहिला. संघ म्हणजे खरं तर एक कापडी पिशवी आणि पिशवीत पिवळी पत्रकं. पिवळीच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पांढऱ्या कागदात लोक चिवडा बांधतात. पिवळा पाह्यला का सरकारी नोटीस वाटते, म्हनून घरात नेऊन ठेवतात." पत्रकाचं नाव कधी बदललं नाही: 'मालकाने काय करू नये'. पाणी तोडू नये. वीज तोडू नये. कुलूप लावू नये. सामान रस्त्यावर टाकू नये. दमदाटी करू नये. पावती नाकारू नये. मागची बाजू कोरी असायची. "मागं आपली तक्रार लेहा अन् मले आनून द्या," हे ते प्रत्येकाला सांगायचे.

मी ह्या पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पिवळे कागद होते. अन्याय हा शब्द मी शाळेत शिकले नाही, तिथे शिकले. त्यामुळे पुढे जे घडलं ते मला शांतपणे लिहिता येणार नाही. तसा आव मी आणतही नाही.

आमच्या घराची गोष्ट आधी सांगायला हवी.

बाबा शिंपीकाम करतात. आम्ही भाड्याच्या ज्या घरात राहतो त्याच्या मालकाला तिथे दुकानांची ओळ बांधायची होती. आम्ही हलत नाही म्हणून त्यानं ऐन मे महिन्यात आमची लाईन कापली. खामगावचा मे. पंखा बंद, शिलाई मशीनची मोटर बंद, आई ओल्या पंच्याची घडी करून कपाळावर ठेवते आहे. बाबांचं डोकं फिरलं. ते म्हणाले, "आता एक पैसा देत नाही त्याले. लाईन जोडन तवा भाडं भेटन."

मधुभाऊ आमच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांचा आवाज चढलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला, तो तेव्हा.

"भाडं थांबवलं त गेला तू! समजून राह्यला का काही? त्याले तेच पाहिजे. भाडं देनाऱ्याच्या मागं कायदा उभा राह्यते. जो देते, नाही त द्याले तयार हाये, त्याले कोर्ट बाहेर काढत नाही. तू थांबला का कायदा त्याच्याकडून झाला. चाल, उठ."

"कुठी?"

"पोस्टात."

मालक हातात भाडं घेत नव्हता, कारण घेतलं तर बाबा नियमित भाडेकरू ठरले असते. म्हणून मधुभाऊंनी बाबांना पोस्टात नेऊन मनीऑर्डर करायला लावली. मालकानं ती परत पाठवली. पोस्टमननं 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेला कागद आणून दिला तेव्हा बाबांचं तोंड पडलं, आणि मधुभाऊ मात्र लग्नाची पत्रिका आल्यासारखे हसले.

"हे पाय. हे तुह्यं घर हाये. जपून ठेव. पुढच्या महिन्यात पुन्हा कर."

बाबा दर महिन्याला पोस्टात जात राहिले. पुढे वकिलाची नोटीस गेली, लाईन आली, दुकानांची ओळ दुसऱ्या गल्लीत बांधली गेली. आम्ही आजही त्याच घरात राहतो. बाबांच्या देवघरात गजानन महाराजांच्या तसबिरीमागे ते शेऱ्याचे कागद अजून आहेत.

मधुभाऊ धीट होते, पण धिप्पाड नव्हते. पाच फुटांच्या आतबाहेर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एकदा नांदुऱ्याकडच्या एका कुटुंबाचं सामान मालकानं चार पोट्ट्यांकरवी रस्त्यावर काढलं. मधुभाऊ गेले आणि त्या कुटुंबाच्या लोखंडी पेटीवर जाऊन बसले. भांडण नाही, घोषणा नाही. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागले. पोट्टे गोंधळले.

"ओ काका, उठा न बे. आमाले पेटी न्याची हाये."

"न्या न. माह्यासकट न्या. शेंगा घ्या, घ्या. कुठचे तुमी?"

एकानं गावाचं नाव सांगितलं.

"अन् इथी राह्यता कुठी? भाड्यानं?"

"हाव."

"मालक चांगला हाये काय?"

पोट्ट्यानं शेंग तोंडात टाकली आणि आपल्या मालकाची गाऱ्हाणी सुरू केली. तासाभरानं त्याच चौघांनी ती पेटी उचलून आत नेऊन ठेवली, आणि जाताना प्रत्येकाच्या खिशात एक पिवळं पत्रक होतं. ही गोष्ट मी निदान वीस सभांत सांगितली असेल. टाळ्या घेतल्या आहेत मी तिच्यावर.

मी कॉलेजात गेल्यावर पत्रकाचा मजकूर मीच लिहायला लागले. मधुभाऊ लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि माझी विशेषणं कापायचे. "हे 'नराधम' काढ."

"काऊन? नराधमच आहेत ते."

"मालक नराधम नसते. मालक मालक असते. आपलं भांडन मानसाशी नाही, चालीशी हाये."

हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलं होतं. नंतर फाडलं.

आता कमलकाकू. रामभाऊ आणि त्या आठवडी बाजारात भाजी विकायचे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सोनाळ्याकडच्या वावराचा आपला हिस्सा विकून त्यांनी खामगावात ह्या चार खोल्या बांधल्या. दोन स्वतःला, दोन भाड्याला. रामभाऊ गेल्यावर काही वर्षं काकूंनी एकटीनं पाटी डोक्यावर घेतली, मग गुडघे गेले. मुलगी अकोल्याला सासरी. दोन खोल्यांच्या भाड्यावर काकूंची चूल चालायची, गुडघ्याच्या गोळ्या यायच्या. सोनाळ्याचा भाचा गजा दर दिवाळीला म्हणायचा, "आत्या, कायले एकटी राह्यतं? ये न आमच्याकडे." काकू हसून टाळायच्या. मला एकदा म्हणाल्या, "पोरी, इथी मी घरवाली हाये. तिथी गेली का पोळ्या लाटनारी होईन. माह्या चुलीवर हाये तोवरच मी मी हाये."

एका महिन्याच्या पहिल्या तारखेला रस्त्यावरची कडी वाजली नाही.

काकूंना वाटलं, बरं नसेल. त्यांनी मधल्या दारातून खिचडी पाठवली. मधुभाऊंनी खिचडी खाल्ली, ताटली धुऊन परत दिली. भाड्याचं काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात काकूंनी विचारलं. "देतो न, वहिनी." तिसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानदारानं उधारी थांबवली तेव्हा काकूंनी ते मधलं दार उघडलं आणि पहिल्यांदाच थोडं स्पष्ट विचारलं.

"भाऊजी, काही अडचन हाये का? सांगा त. मी काही परकी नाही. पन माह्यं त्याच्यावरच चालते हो."

मधुभाऊंनी पेपर खाली ठेवला. "लेखी मागा, वहिनी."

काकूंना वाटलं, चेष्टा आहे. त्या हसल्या. "काय मागू?"

"भाडं. लेखी. तोंडी मागन्याले कायद्यात किंमत नसते."

त्या रात्री मधलं दार पलीकडून लागलं. मग ते पुन्हा उघडलं नाही.

चार दिवसांनी गजा मोटरसायकलवर आला. काकूंनी कळवलं नव्हतं, पण अशा बातम्या पायी चालत जात नाहीत. "आत्या, तू फक्त हाव म्हन. चार पोट्टे आनतो, संध्याकाळपर्यंत म्हातारा रस्त्यावर. नाही त लाईन कापतो, दोन दिवसात पळते."

"हात लावशीन त याद राख," काकू म्हणाल्या. "लाईन कापू नये. सामान फेकू नये. लेहलं हाये त्यायनंच."

काकूंच्या डाळीच्या डब्याखाली अंथरलेलं ते पिवळं पत्रक त्यांनी गजासमोर धरलं. गजा चिडून परत गेला. आणि तेच पत्रक घेऊन काकू गुडघे ओढत आमच्या घरी आल्या.

"हे तूच लेहतं न?"

"हाव, काकू."

"मी याच्यातलं काहीच केलं नाही. पानी नाही तोडलं, कुलूप नाही लावलं, तोंडानं एक शब्द वाकडा नाही काढला. मंग मी काय करू, हे याच्यात कुठी हाये?"

मी पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

मी आधी मधुभाऊंकडे गेले. मला खात्री होती की काहीतरी गैरसमज आहे. ते ओट्यावर बसून चष्म्याचा दोरा घट्ट करत होते.

"काऊन थांबवलं भाडं, मधुभाऊ?"

"तिनं भाच्याले घराचे कागद दाखोले. मले माहीत हाये. ते घर विकतात."

"नळाच्या पाइपसाठी नगरपालिकेत अर्ज करायचा होता, म्हणून दाखवले. मीच भरला तो अर्ज!"

"आज पाइप, उद्या बिल्डर. समोरच्या घरातल्या भाडेकरूले खाली करायचे किती भेटले माहीत हाये तुले? मले बी भेटले पाहिजेत. सारी उमर दुसऱ्यायचे घरं वाचोले मी. माह्यं कोन वाचवन?"

"पण त्यांनी तुम्हाला घर सोडा म्हटलंच नाही!"

"म्हनन." ते चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले. "मालक मालक असते."

जी बाई ताटलीतून भजी पाठवायची तिला त्यांनी एका वाक्यात चालीत बसवून टाकलं होतं, आणि वाक्य माझ्या टेबलासमोरचंच होतं. म्हातारपणाची भीती मला कळते. आपल्या नावावर एक भिंतही नाही, ह्याची भीती कळते. पण भीती वाटते म्हणून एका विधवेच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची, आणि त्याला हक्क म्हणायचं? हे मला आजही कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

घरी आले तर बाबा दारातच. "तू त्या कमलबाईच्या बाजूनं वकिलाकडे चालली म्हनतात. ज्यानं आपलं घर वाचोलं त्याच्या इरोधात?"

"बाबा, ते भाडं देत नाहीत."

"मधुभाऊ? भाडं देत नाही?" बाबा मोठ्यानं हसले. "सूर्य मावळत नाही म्हन एक वेळ. तिनं घेतलंच नसन."

संघातले सगळेच असं म्हणाले. मालकीण खोटं बोलत असणार, हे कुणाला तपासावंसुद्धा वाटलं नाही. असंच आम्ही शिकलो होतो.

अर्चनाताई वकील पूर्वी आमच्या सभांना यायच्या. त्यांनी काकूंना समोर बसवून जे सांगितलं ते मी इथे साध्या शब्दांत लिहिते, कारण ते आमच्या पत्रकात कधी आलं नव्हतं. भाडं थकलं म्हणून मालकाला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टानं: अमुक महिन्यांचं भाडं बाकी आहे, भरा. नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबायचं. तेवढ्यात भाडेकरूनं भरलं तर विषय संपला. नाही भरलं तर दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला पुन्हा नव्वद दिवस. त्यात त्यानं थकबाकी, व्याज आणि खर्च कोर्टात भरला, आणि पुढेही भरत राहिला, तर त्याला काढता येत नाही. नाहीच भरलं तर कोर्ट हुकूम देतं, आणि घर रिकामं करून घ्यायला कोर्टाचाच माणूस येतो. भाचा नाही, पोट्टे नाहीत.

"म्हंजे एवढे खेप त्याले संधी हाये?" काकूंनी विचारलं.

"हो. कायदा भाडेकरूच्या बाजूनं झुकलेला आहे, काकू. तो तसाच हवाही."

"असू द्या न. भरू द्या त्यायले. मले कुठी काढाचं हाये? मले भाडं पाहिजे." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "अन् रस्त्यानं आले पाहिजेत. पहिल्यासारखे."

नोटीस गेली. पोस्टमन आमच्या गल्लीत आला तेव्हा मी काकूंकडेच होते. खिडकीतून दिसत होतं. मधुभाऊंनी पाकीट घेतलं, सही केली. "मी कागद नाकारत नसतो," पोस्टमनला म्हणाले. मग ओट्यावर बसून लाल पेन्सिलनं ती नोटीस वाचली. एका ठिकाणी खूण केली. माझ्या डोक्यात मूर्खासारखी आशा आली की आता हा माणूस उठेल, इस्त्रीचा सदरा घालेल. ते उठले आणि आत गेले.

पहिले नव्वद दिवस गेले. काकूंनी दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा पाटी काढली आणि गल्लीच्या तोंडाशी सांबार विकायला बसल्या. मधुभाऊ त्यांच्या समोरून पिशवी घेऊन जायचे. पत्रकं वाटायला.

दावा लागला. समन्सनंतरचे दिवसही तसेच गेले. अर्चनाताई म्हणाल्या होत्या, शेवटच्या दिवशी भरतील, अनुभवी माणूस आहे. भरलं नाही. मधुभाऊंनी भरण्यापेक्षा दुसरा रस्ता काढला होता, आणि तो आम्हाला साक्षीच्या दिवशी कळला.

त्या दिवशी बाबा दुकान बंद करून कोर्टात आले, मधुभाऊंच्या बाजूला बसायला. संघातले आणखीही काही होते. मधुभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले. नेहमी आमच्यासारखं बोलणारा माणूस तिथे पुस्तकी बोलला.

"मी दरमहा भाडे घेऊन मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी ते घेण्यास नकार दिला. मला घराबाहेर काढण्याचा त्यांचा हेतू होता."

मालकीणबाई. रामभाऊंचा मित्र म्हणून त्या घरात आल्यापासून ह्या माणसानं त्यांना वहिनीखेरीज काही म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारी काकू पुटपुटल्या, "मी? मी नाही घेतलं?" त्यांचा आवाज इतका लहान होता की मला त्यांचा हात धरावा लागला.

आणि मला आणखी काही ऐकू येत होतं. भाडं घेऊन गेलो, घेतलं नाही, बाहेर काढायचा हेतू. ही आमच्या घराची गोष्ट होती. माझ्या बापावर ओढवलेली. मधुभाऊंनी ती जशीच्या तशी उचलून स्वतःच्या अंगावर घातली होती.

अर्चनाताई उलटतपासणीला उठल्या.

"तुम्ही भाडेकरूंचा संघ चालवता?"

"होय."

"मालकानं भाडं नाकारलं तर भाडेकरूनं काय करावं, असं तुम्ही सांगता?"

मधुभाऊंनी चष्मा काढला. पुसला. "मनीऑर्डर करावी."

"कशासाठी?"

"नकाराचा शेरा मिळतो. पुरावा राहतो."

"तुम्ही लोकांना पोस्टात घेऊन गेला आहात? स्वतः?"

"पुष्कळांना."

"ह्या कोर्टात आत्ता त्यातलं कुणी बसलं आहे?"

मधुभाऊंनी बाकांकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं.

"तुमच्या मालकीणबाईंनी इतके महिने भाडं नाकारलं. तुम्ही एक तरी मनीऑर्डर केली?"

पंखा फिरत होता. कारकून लिहायचा थांबला. मला अजूनही वाटत होतं की ते म्हणतील, मी खोटं बोललो. म्हणतील, मला भीती वाटली. तेवढं म्हटलं असतं तरी मी पुढची सगळी पत्रकं त्यांच्या नावानं काढली असती.

"नाही," मधुभाऊ म्हणाले.

बाबा उठले आणि बाहेर गेले. मी मागे गेले तर ते सायकलस्टँडपाशी उभे होते, हातात सायकलची किल्ली, पण कुलूप उघडत नव्हते.

"थे माह्यं होतं," बाबा म्हणाले. "माह्यावर बितलं होतं थे. त्याच्यावर नाही."

निकाल काकूंच्या बाजूनं लागला. थकबाकी भरायची आणि ठरलेल्या मुदतीत खोल्या सोडायच्या. वरच्या कोर्टात जाता आलं असतं, मधुभाऊ गेले नाहीत. संघातले लोक एकेक करून गप्प झाले. पिशवी माझ्याकडे आली. कुणी आणून दिली नाही, एका सकाळी आमच्या ओट्यावर ठेवलेली होती. पत्रक मी अजून काढते. पुढच्या बाजूला मालकानं काय करू नये, तसंच, एक ओळही कमी केलेली नाही. मागच्या बाजूला भाडेकरूनं काय करू नये. पहिलीच ओळ: भाडं थांबवू नये. त्याखाली, थांबवलंच तर मालकानं कायद्यानं काय करावं. ह्यावरून मला मालकांची दलाल म्हणणारे आहेत. म्हणोत.

मधुभाऊ गेले तो दिवस मी पाहिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी, कोर्टाचा माणूस यायच्या आत, मोताळ्याकडच्या रोहिणखेडहून त्यांचा पुतण्या छोटा टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. एक खाट, एक लोखंडी पेटी, पेपरांचे गठ्ठे. मी काकूंकडे बसले होते. भिंतीपलीकडे सामान सरकल्याचे आवाज येत होते आणि काकू मेथी निवडत होत्या. निवडलेल्या जुडीत पुन्हा हात घालत होत्या.

मग पलीकडे कुलूप लागल्याचा आवाज आला. पायरीवर पावलं. आणि काकूंच्या पुढच्या दाराची कडी वाजली.

काकूंनी 'कोन हाये' विचारलं नाही. उठून दार उघडलं.

मधुभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. त्यांनी आधी पैसे पुढे केले. सगळे नव्हते; बाकीचे रोहिणखेडहून पाठवतो म्हणाले. काकूंनी ते मोजले, सांगावं न लागता. मग त्यांनी किल्ली पुढे केली.

"किल्लीची बी पावती लागन, वहिनी."

वहिनी हा शब्द परत आला होता. काकूंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कोनाड्यातून पावतीपुस्तक घेतलं आणि मधुभाऊंनीच शिकवलेल्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं. भाडे मिळाले, इतके. किल्ली मिळाली. सही केली, फाडून दिली.

मधुभाऊंनी घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं भिंतीला टेकून खाली बसले.

काकू मेथीपाशी येऊन बसल्या. देठ मोडायला लागल्या. चूल दोन हातांवर होती, पातेलं उपडं होतं. बाहेर पुतण्यानं टेम्पोचा हॉर्न दिला. मधुभाऊ चुलीकडे बघत होते, मग काकूंच्या हातांकडे, मग क्षणभर माझ्याकडे. मी नजर वळवली नाही.

दुसरा हॉर्न झाला तेव्हा ते भिंतीला हात लावत उठले आणि रस्त्यानं गेले.